खूणगाठ

खानदेशात ‘गाठ’ हा शब्द उच्चारला, की पहिल्यांदा डोळ्यांपुढे येते ती कापसाची गाठ. जिनात सरकीपासून वेगळी झालेली रुई प्रेसमध्ये दाबून, पट्ट्यांनी करकचून आवळलेली. जळगाव, धरणगाव, अमळनेर, धुळे या गावांनी जी काही भरभराट पाहिली, तिच्यात या गाठींचा वाटा मोठा आहे. परंतु याच शब्दाचा दुसरा एक अर्थ आमच्या आजी-पणजीच्या पिढीला चांगला ठाऊक होता, आणि तो मनात ठेवून ‘गाठ’ म्हणताना त्यांचा आवाज आपोआप खाली येई. ती गाठ जांघेत उठे, काखेत उठे. सोबत सणसणून ताप येई, आणि चार-सहा दिवसांत धडधाकट माणूस होत्याचा नव्हता होई. डॉक्टर मंडळी त्याला प्लेग म्हणत. लोक म्हणत ‘गाठीचा ताप’.

मी मराठीचा प्राध्यापक. जंतू, लस, प्रतिपिंड या भानगडीत मी का शिरावे, असे कोणी विचारील, तर त्याचे कारण एक कवयित्री आहे. बहिणाबाई चौधरी वर्गात शिकवणे हा जळगावच्या मराठी शिक्षकाच्या वाट्याला आलेला हक्काचा आनंद. आसोदे हे त्यांचे माहेर आणि जळगाव हे सासर. म्हणजे सारे हाकेच्या अंतरावरचे. त्यांचे चिरंजीव सोपानदेव सर्वांना माहीत असतात, कारण आईच्या ओव्या त्यांनी जपल्या आणि 1952 साली आचार्य अत्र्यांच्या हातून त्या महाराष्ट्रापुढे आल्या. पण बहिणाबाईंना आणखी एक मुलगा होता. त्याचे नाव ओंकार. प्लेगमुळे त्याला कायमचे अपंगत्व आले. चरित्रात हे एका वाक्यात येते, आणि आपण शिक्षक मंडळी ते वाक्य घाईघाईने ओलांडून कवितेकडे वळतो. एकदा एका विद्यार्थिनीने मला तिथेच अडवले. म्हणाली, “सर, तेव्हा प्लेगवर लस नव्हती का?”

होती. ओंकारच्या लहानपणी ती होती, आणि ती जगात सर्वप्रथम आपल्या मुंबईतच तयार झाली होती. मग ती घरोघर का पोहोचली नाही? या प्रश्नाच्या मागे मी लागलो, आणि जे हाती आले ते या दिवाळीत आपल्यापुढे ठेवतो आहे.

उंदीर पडले, घर सोडा

1896 च्या सप्टेंबरात मुंबईच्या मांडवी भागात डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी पहिला रोगी ओळखला. गोदीलगतचा हा भाग म्हणजे धान्याची कोठारे, दाट वस्ती, ओल आणि उंदीर. बघता बघता मुंबई ओस पडू लागली. माणसे मिळेल त्या गाडीने गावाकडे निघाली आणि त्यांच्या बोचक्यांतून, धान्याच्या पोत्यांतून साथही निघाली. मुंबईहून उत्तरेकडे जाणारा लोहमार्ग खानदेशाच्या पोटातून जातो आणि भुसावळला त्याच्या दोन वाटा होतात, एक नागपूरकडे, दुसरी जबलपूरकडे. 1900 साली चाळीसगावहून धुळ्याला फाटा आला, आणि त्याच सुमारास सुरतेकडून तापीकाठाने नवी गाडी आली. खानदेश तेव्हा एकच जिल्हा होता. पूर्व आणि पश्चिम अशी त्याची वाटणी 1906 ची. व्यापाराला सोयीचा असा हा मुलूख रोगालाही सोयीचाच ठरला.

प्लेगचा जंतू अलेक्झांडर येर्सिन याने 1894 साली हाँगकाँगमध्ये शोधून काढला होता. पण तो उंदरातून माणसात कसा येतो, हे कोणाला उमगले नव्हते. 1898 साली पॉल-लुई सिमों या फ्रेंच डॉक्टरने आपल्याच देशात काम करताना सांगितले, की हे काम उंदराच्या अंगावरची पिसू करते. त्याचे म्हणणे पुष्कळांनी हसण्यावारी नेले. पुढे परळच्या प्रयोगशाळेत ग्लेन लिस्टन आणि त्याचे सहकारी यांनी ते पुराव्यानिशी पटवले.

गंमत अशी, की शास्त्रज्ञांचा हा वाद चालू असताना आमच्या खेड्यांतली माणसे आपल्या परीने शहाणी झाली होती. माझी आजी धुळे जिल्ह्यातल्या शिंदखेड्याकडची. तिच्या वडिलांच्या तोंडचे एक वाक्य ती अहिराणीत सांगायची: “उंदरं पडनात, आते घर सोडा.” आढ्यावरून उंदीर पटापट पडून मरू लागले, की घराला कुलूप लावायचे, भांडीकुंडी गाडीत घालायची आणि शेतात झोपडी टाकून महिना दोन महिने तिथेच राहायचे. पिसवेचे नावही त्यांना ठाऊक नव्हते, पण मेलेल्या उंदरापासून दूर पळावे, हे अनुभवाने कळले होते. ज्यांना शेत होते, ते असे निघून गेले. ज्यांना नव्हते, त्यांनी काय केले असेल, ते आजीने कधी सांगितले नाही.

सरकारने मात्र दंडुक्याचा मार्ग धरला. 1897 च्या फेब्रुवारीत साथरोगाचा कायदा आला. घरोघरच्या झडत्या, रोग्याला उचलून नेणे, सामान जाळणे, स्टेशनावर बायामाणसांची तपासणी या गोष्टींनी लोक रोगापेक्षाही सरकारला भिऊ लागले. पुण्यात त्याचा शेवट रँडच्या खुनात झाला, तो इतिहास सर्वांना ठाऊक आहे. त्याच वर्षी त्याच पुण्यात रोग्यांची सेवा करता करता सावित्रीबाई फुले यांनी 10 मार्च रोजी देह ठेवला, हेही आठवणीत असू द्यावे.

ओडेसाचा पाहुणा

अशा या संशयाने भारलेल्या हवेत एक परका माणूस मुंबईत लस तयार करीत बसला होता. त्याचे नाव वाल्देमार हाफकिन. जन्म 1860, काळ्या समुद्राकाठच्या ओडेसा शहरातला. धर्माने ज्यू. रशियात त्या काळी ज्यूंना विद्यापीठात मानाची जागा मिळणे दुरापास्त होते. धर्म बदलला तर वाट मोकळी होती, पण हाफकिनने ते नाकारले. पुढे तो पॅरिसला गेला आणि पाश्चरच्या संस्थेत त्याला काम मिळाले ते ग्रंथालयातले! दिवसा पुस्तकांची व्यवस्था पाहावी आणि उरलेल्या वेळात प्रयोग करावेत, असा त्याचा क्रम. तिथे त्याने पटकीवरची लस तयार केली आणि 18 जुलै 1892 रोजी ती प्रथम स्वतःच्या शरीरात टोचून घेतली. पटकीचे माहेरघर म्हणजे आपला देश. म्हणून 1893 साली तो इकडे आला आणि आग्ऱ्यापासून कलकत्त्यापर्यंत हजारो लोकांना टोचत फिरला.

1896 च्या ऑक्टोबरात सरकारने त्याला प्लेगसाठी मुंबईला बोलावले. ग्रँट मेडिकल कॉलेजात त्याला एक खोली आणि लगतचा व्हरांडा देण्यात आला. मदतीला एक कारकून आणि तीन शिपाई. एवढ्या लवाजम्यावर या गृहस्थाने तीन महिन्यांत लस उभी केली.

ती कशी, हे आमच्या गृहिणी वाचकांना विशेष आवडेल, कारण त्या कृतीत तुपाचा उपयोग आहे. जंतू वाढवायला मांसाचा रस्सा लागतो. युरोपात तो गाईच्या मांसाचा करीत. इथे गाय चालायची नाही आणि डुक्करही चालायचे नाही, हे हाफकिनने ओळखले आणि बोकडाचे मांस वापरले. पुढे गव्हापासूनही रस तयार करण्यात आला. त्या रश्शावर तो साजूक तुपाचे थेंब तरंगत ठेवी. प्लेगचे जंतू तुपाच्या थेंबाला खालून चिकटून वाढत आणि सुतासारखे खाली लोंबत. कुपी हळूच हलवली, की ती सुते तुटून तळाशी बसत आणि वर नवे पीक येई. असे काही आठवडे चालल्यावर ती कुपी तासभर सुमारे 70 अंश सेंटिग्रेडच्या उष्णतेवर ठेवून सारे जंतू मारायचे आणि वर थोडे कार्बोलिक ॲसिड घालायचे. झाली लस!

10 जानेवारी 1897 रोजी हाफकिनने ती प्रथम टोचली, ती पुन्हा स्वतःलाच. मात्राही इतरांना पुढे दिली त्यापेक्षा बरीच मोठी. ताप चढला, टोचल्या जागी ठणका लागला आणि काही दिवसांत तो बरा झाला.

मेलेला जंतू काय शिकवतो?

आता प्रश्न असा, की मेलेला जंतू अंगात घालून जिवंत जंतूपासून बचाव कसा होतो? हाफकिनला स्वतःलाही याचे पुरते उत्तर ठाऊक नव्हते. 1890 साली बर्लिनमध्ये बेहरिंग आणि किटासाटो यांनी दाखवले होते, की रोगाला तोंड दिलेल्या जनावराच्या रक्तरसात त्या रोगाचे विष मारणारे काहीतरी तयार होते. हाफकिनचा गुरू मेचनिकॉफ म्हणत होता, की खरे काम जंतू गिळणाऱ्या पेशींचे आहे. दोन पक्षांत कडाक्याचे वाद झाले. शेवटी 1908 साली नोबेल पारितोषिक मेचनिकॉफ आणि त्याच्या विरुद्ध पक्षाचा एर्लिक या दोघांना वाटून देण्यात आले, आणि पुढच्या संशोधनाने दोघेही आपापल्या परीने बरोबर ठरले.

रक्तातल्या त्या ‘काहीतरी’ला आज आपण प्रतिपिंड म्हणतो. शब्द जरा जड आहे, श्राद्धाच्या पिंडाची आठवण करून देणारा, पण वस्तू मोठी देखणी आहे. पोरे चिंचा पाडायला जी बेचकी वापरतात, तिच्यासारखा तिचा आकार असतो. बेचकीची दोन टोके जंतूच्या अंगाला नेमकी जाऊन चिकटतात, आणि दांडा मागे राहून गिळणाऱ्या पेशींना खूण करतो, की हा बघा चोर, धरा याला! हा आकार उलगडल्याबद्दल पोर्टर आणि एडलमन यांना 1972 साली नोबेल मिळाले. प्रत्येक जंतूसाठी बेचकी निराळी. प्लेगची पटकीला चालत नाही आणि पटकीची प्लेगला.

ही बेचकी कुठे घडते? इथे मराठीच्या शिक्षकाला राहवत नाही. आपल्या जांघेत, काखेत, मानेत लहान लहान लसिका ग्रंथी असतात. ‘लस’ हा आपला जुना शब्द. जखमेतून पाझरणाऱ्या पाण्याला आजही आपण लसच म्हणतो. आणि ग्रंथी म्हणजे गाठ. पिसू चावली, की प्लेगचा जंतू जवळच्या अशाच गाठीत शिरतो आणि ती सुजून येते. तोच तो गाठीचा ताप. लस टोचली, की मेलेले जंतूही तशाच गाठीत पोहोचतात. तिथल्या पेशी त्यांना निरखतात, त्यांच्या मापाच्या बेचक्या घडवतात आणि त्यांतल्या काही पेशी ते माप आठवणीत ठेवून मागे राहतात. पुढे खरा जंतू आला, की तयारीला वेळ लागत नाही. म्हणजे मारणारी गाठ आणि तारणारी गाठ एकच! कोण आधी पोहोचला, एवढाच प्रश्न. बाजारातून काही आणायचे विसरू नये म्हणून आमच्या आया पदराला गाठ मारत. मनाशी खूणगाठ बांधणे म्हणतो, ते यावरूनच. लस म्हणजे शरीराने बांधलेली खूणगाठ, यापेक्षा चांगली व्याख्या मला सुचत नाही.

अर्धे घर

पण शरीराला पटणे वेगळे आणि माणसाला पटणे वेगळे. लस खरी की खोटी, हे कशावरून ठरवायचे?

1897 च्या जानेवारीत भायखळ्याच्या तुरुंगात प्लेग शिरला. हाफकिनने 30 जानेवारीस तिथल्या सुमारे निम्म्या कैद्यांना टोचले. पुढच्या दिवसांत न टोचलेल्यांपैकी 12 जणांना प्लेग झाला आणि त्यातले 6 दगावले. टोचलेल्यांपैकी दोघांनाच झाला आणि दोघेही वाचले. या कैद्यांनी राजीखुशीने हात पुढे केला, असे नमूद आहे. गजांआडच्या माणसाची राजीखुशी कितपत खरी मानावी, हा प्रश्न आज आपल्याला पडतो आणि पडायलाही हवा.

त्याहून हृदयाला भिडणारी हकीगत बडोद्याजवळच्या उंधेरा गावची, 1898 च्या फेब्रुवारीतली. गावात प्लेग चालूच होता. हाफकिन आणि त्याचे सहकारी तिथे गेले आणि त्यांनी घराघरातली माणसे ओळीने उभी केली. प्रत्येक घरातल्या निम्म्या माणसांना टोचायचे, निम्म्यांना नाही. पुरुष निम्मे, बायका निम्म्या, मुलेही निम्मी. अन्न तेच, पाणी तेच, छप्पर तेच, उंदीरही तेच; फरक एवढा एकच. काही आठवड्यांनी पुन्हा गावात येऊन घरोघर हिशेब घेतला. प्लेग 28 घरांत शिरला होता. त्या घरांत टोचलेली माणसे 71 होती. त्यातली 8 आजारी पडली आणि 3 गेली. न टोचलेली 64. त्यातली 27 आजारी पडली आणि 26 गेली.

हे आकडे मी प्रथम वाचले तेव्हा पुस्तक मिटून ठेवले. शास्त्राच्या दृष्टीने हा पुरावा असा चोख, की आजही त्याकडे बोट दाखवावे. पण त्या 28 घरांच्या उंबऱ्यावर उभे राहून तो वाचला, तर? एकाच ताटात जेवणाऱ्या दोन भावांपैकी एकाचा दंड पुढे झाला आणि दुसऱ्याचा राहिला. कोणाची निवड करायची, हे ठरवणारा डॉक्टर दुष्ट नव्हता. लस खरी ठरेपर्यंत ती गावोगाव मान्य होणार नव्हती, आणि खरी ठरवायला दुसरा मार्ग त्याला दिसत नव्हता. आज अशी चाचणी करायची, तर आधी माणसाला सारे समजावून त्याची संमती घ्यावी लागते, समित्यांची परवानगी लागते, मधेच लस गुणकारी दिसली तर उरलेल्यांनाही ती देण्याचा विचार करावा लागतो. ही सारी बंधने हवेतून आलेली नाहीत. अशाच घरांनी मोजलेल्या किमतीतून ती आली आहेत.

लस पटवण्याचे काम आकड्यांइतकेच माणसांनीही केले. मुंबईत तरुण आगाखानांनी आपल्या खोजा जमातीसमोर स्वतः टोचून घेतले, मग हजारो खोजे टोचायला पुढे आले. हाफकिनला आपली खुश्रू लॉज ही वास्तूही त्यांनी प्रयोगशाळेसाठी दिली. दंडुक्याने जे साधले नाही, ते एका दंडाने साधले! 1899 च्या ऑगस्टमध्ये परळच्या जुन्या राजभवनात प्लेगची प्रयोगशाळा थाटात उघडली. 1925 पासून ती हाफकिन संस्था या नावाने ओळखली जाते.

लस रामबाण नव्हती, हेही सांगितले पाहिजे. टोचल्यावर ताप येई, माणूस एक-दोन दिवस कामावरून जाई. तिचा प्रभाव काही महिन्यांचाच असे, आणि फुप्फुसात शिरणाऱ्या प्लेगपुढे तिचे फारसे चालत नसे. ज्याचे पोट रोजच्या मजुरीवर, त्याला दोन दिवसांचा तापही महाग. त्यातून अफवा: टोचले की वंश खुंटतो, धर्म बाटतो, सरकारला माणसे मारायचीच आहेत. खानदेशातल्या खेड्यांत लस सर्वांपर्यंत का गेली नसेल, याचे पुष्कळसे उत्तर मला इथे मिळते.

एक चिमटा

उरलेले उत्तर पंजाबात आहे. 30 ऑक्टोबर 1902 रोजी मुलकोवाल नावाच्या खेड्यात 107 लोकांना लस टोचण्यात आली. त्यातल्या 19 जणांना धनुर्वात झाला आणि ते सर्वच्या सर्व मेले. हे एकोणीसही जण एकाच बाटलीतून टोचलेले होते. देशभर हाहाकार झाला. सरकारी चौकशीने ठपका परळच्या प्रयोगशाळेवर ठेवला. हाफकिनने लस निर्जंतुक करण्याच्या पद्धतीत फरक केला होता, कार्बोलिक ॲसिड वगळले होते, म्हणून दोष त्याचा, असे ठरले. त्याला कामावरून दूर करण्यात आले. ज्याने दोन वेळा आधी स्वतःला टोचून मग लोकांना टोचले, तो माणसे मारणारा ठरला.

सत्य निराळे होते. बाटली उघडताना वापरलेला चिमटा मदतनिसाच्या हातून जमिनीवर पडला होता आणि नीट उकळून न घेता तसाच जुजबी धुऊन वापरला गेला होता. धनुर्वाताचे जंतू मातीत असतात, हे आज शाळकरी मुलालाही माहीत आहे. परळहून निघतानाच ते बाटलीत असते, तर उघडताना तिला घाण वास सुटला असता. तसा तो आला नव्हता, असे तिथल्या डॉक्टरनेच सांगितले होते. पण हे कागद बाहेर यायला वर्षे गेली. मलेरियाचा संशोधक रोनाल्ड रॉस आणि इतर मान्यवरांनी 1907 च्या जुलैत लंडनच्या ‘टाइम्स’मध्ये पत्र लिहिले, तेव्हा कुठे सरकार नमले आणि त्या वर्षाअखेर हाफकिन निर्दोष ठरला. तो कलकत्त्याला कामावर परतला, परंतु मुंबईची ती प्रयोगशाळा त्याला पुन्हा मिळाली नाही. 1930 साली स्वित्झर्लंडमध्ये त्याचा अंत झाला. भारत सरकारने 1964 साली त्याच्या नावाचे टपाल तिकीट काढले.

ही पाच वर्षे मला सर्वांत महाग वाटतात. कारण त्याच वर्षांत प्लेग सर्वांत जोरात होता; 1907 या एका वर्षी देशात दहा लाखांहून अधिक माणसे त्याने नेली. लसीचा जनक आरोपीच्या पिंजऱ्यात असताना कोणती आई आपल्या पोराचा दंड पुढे करील? बहिणाबाईंच्या ओंकारला लस मिळाली असती का, हे कोणी सांगू शकणार नाही. पण विद्यार्थिनीच्या प्रश्नाला माझे उत्तर आता असे आहे: लस होती बाई, परंतु लस नुसती कुपीत असून भागत नाही. ती लोकांच्या मनातही असावी लागते, आणि तिथली गाठ एकदा सुटली, की पुन्हा बांधायला फार वर्षे लागतात.

सुरतेची गाडी

हे सारे जुने झाले, असे वाटत असेल तर आणखी एक आठवण सांगतो. 1994 सालच्या सप्टेंबरात सुरतेत प्लेग उमटला. त्याआधी ऑगस्टमध्ये आपल्या बीड जिल्ह्यात तो दिसला होताच. मी तेव्हा अमळनेरला शाळेत होतो. सुरतेच्या यंत्रमागांवर खानदेशातली किती माणसे पोट भरतात, हे त्या आठवड्यात कळले. लाखो लोक सुरत सोडून निघाले, आणि तापीकाठच्या गाड्या नंदुरबार, दोंडाईचा, अमळनेर, धरणगाव, जळगाव अशी एकेका स्टेशनावर माणसे ओतत आल्या. तोंडाला रुमाल, हातात ट्रंक, कडेवर पोर. ज्यांच्या घरी ती उतरली, त्या घरांची दारे काही ठिकाणी अर्धीच उघडली. औषधाच्या दुकानांपुढे टेट्रासायक्लिनसाठी रांगा लागल्या. त्या साथीत देशात दगावलेल्यांची संख्या पन्नासच्या आसपास राहिली, कारण प्रतिजैविके हाताशी होती. वेळेवर औषध मिळाले तर आज प्लेगचा रोगी वाचतो. पण शंभर वर्षांपूर्वीची भीती मात्र जशीच्या तशी अंगणात येऊन उभी राहिली होती.

त्यानंतर 2020 साली करोना आला आणि प्रतिपिंड हा माझा जड शब्द घराघरात पोहोचला. पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेत वेगळा केलेला विषाणू मारून त्यापासून कोव्हॅक्सिन तयार झाली; 2021 च्या जानेवारीत तिला तातडीच्या वापराची परवानगी मिळाली. रोगजंतू वाढवायचा, मारायचा आणि टोचायचा, ही मूळ कल्पना हाफकिनच्या तूप घातलेल्या कुपीचीच. आणि अफवाही त्याच! वंश खुंटतो, ही 1897 ची अफवा 2021 साली मी जळगावात मोबाइलवर वाचली.

वाचकहो, शरीराची आठवण पक्की असते. विसरतो तो आपण. देवीचा रोग गेला, 1977 साली देश त्यातून मुक्त म्हणून जाहीर झाला, आणि दंडावरचे ते वण पाहून आजची मुले विचारतात, हे काय आहे? 2014 साली पोलिओमुक्तीचा दाखला मिळाला. रोग दिसेनासा झाला, की लस हीच नसती कटकट वाटू लागते. डोसाची तारीख टळते, कार्ड कपाटात हरवते. त्याचबरोबर, लस देणाऱ्यानेही उंधेऱ्याची 26 माणसे आणि मुलकोवालचा चिमटा विसरता कामा नये. लोकांनी विश्वास ठेवावा असे म्हणणाऱ्याने आपला चिमटा स्वच्छ ठेवायला हवा, आणि चूक झाली तर ती दडवू नये. निरपराध्याच्या माथी तर मुळीच मारू नये.

धनत्रयोदशीला आपण धन्वंतरीची पूजा करतो आणि संध्याकाळी दक्षिणेकडे वात करून यमासाठी एक दिवा लावतो. घरात कोणाला अपमृत्यू येऊ नये, एवढीच त्यामागची मागणी. ती मागणी करताना या वर्षी घरातल्या लहानग्यांची लसीकरणाची कार्डेही एकदा काढून पाहावीत, राहिलेला डोस असेल तर त्याची मनाशी खूणगाठ बांधावी, आणि दिवाळी सरली की दवाखान्याची वाट धरावी.